वीणेचा पहारा

करुणा मांडवात आली तेव्हा वीणा पुंडलिकरावांच्या गळ्यात होती. बारा ते दोन त्यांचा पहारा. सप्ताह चालू आहे तोवर वीणा जमिनीला टेकवायची नाही, ती धरणाऱ्यानं बसायचं नाही. पुढचा माणूस आला की त्याच्या गळ्यात घालायची आणि मगच मोकळं व्हायचं. गावानं हा नेम एकदाही मोडू दिला नव्हता.

ती संभाजीनगरहून सकाळच्या एसटीनं कन्नडला आणि तिथून जीपनं इथं आली होती. ओढणी डोक्यावर घेऊन ती त्यांच्या बाजूला उभी राहिली.

"काका, मी करुणा. पेपरची. फोनवर बोललो होतो आपण."

"व्हय." बोटं तारेवर फिरतच राहिली. "इतक्या उन्हाचं आलात."

"यावंच लागलं. तुम्ही फोन उचलायचं सोडलंत."

पुंडलिकराव गावचे निवृत्त कोतवाल. एकवीस वर्षं रोज सकाळी त्यांनी पर्जन्यमापकातला पाऊस मोजला आणि वहीत लिहिला. ताप असला तरी, घरात लग्न असलं तरी. तीच वही आता सगळ्यांच्या मोबाइलवर होती. गावचे पुढारी आणि शाळेचे संस्थाचालक काकासाहेब यांनी व्हिडिओ काढला होता: हवामानबदल वगैरे सगळं थोतांड, डोंगरावरच्या पवनचक्क्यांनी आपले ढग पळवले, हा बघा सरकारी माणसाच्या हातचा पुरावा. पडद्यावर ऑगस्टचं पान. शून्य, शून्य, शून्य. पान खालून दुमडलेलं.

त्या दुमडीखाली महिन्याचे शेवटचे दोन दिवस होते, आणि त्या दोन दिवसांत अख्ख्या महिन्याचा पाऊस एकदम कोसळला होता. हे करुणाला फोनवर पुंडलिकरावांनीच सांगितलं होतं. तिनं ते छापलं. चौथ्या दिवशी काकासाहेबांच्या वकिलाची नोटीस आली.

तिनं पिशवीतून एक कागद काढला. "चारच ओळी आहेत. व्हिडिओत पान अर्धं दाखवलं, एवढंच. संपादक म्हणालेत, संध्याकाळी सहापर्यंत तुमच्या सहीचा मूळ कागद ऑफिसात आला नाही, तर पेपर माफी छापणार. मोबाइलवरचा फोटो वकील मानत नाहीत. बातमी खोटी होती म्हणून. माझ्या नावानिशी."

"लई वाईट झालं."

"अजून झालं नाही, काका. सही उभ्यानंही होईल."

"वीणा धरल्यावर दुसरं काही हातात घेत नसतेत, पोरी."

"बरं. मग थांबते दोनपर्यंत."

ती खांबाशी बसली. टाळकरी नामाच्या गजरात रंगले होते. आजची पंगत काकासाहेबांची होती. ते स्वतः आमटीची बादली घेऊन फिरत होते. करुणाला पाहून त्यांनी लांबूनच हात जोडले.

"पुंडलिकराव, पाहुण्या बाईंना जेवल्याबिगर जाऊ देऊ नका बरं का! आणि मेघाला सांगा, सोमवारी शाळेत जरा लवकर ये म्हणावं. ऑर्डरचं बघायचंय."

मेघा पुंडलिकरावांची सून. काकासाहेबांच्या शाळेवर तीन वर्षं शिकवत होती, अजून कायम झाली नव्हती.

पुंडलिकरावांनी मान हलवली. गजर थोडा खाली उतरला तशी करुणा हळूच म्हणाली, "काका, त्या व्हिडिओत दुमड धरलेला अंगठा तुमचाच ना?"

"माझाच. धरा म्हणाले, धरला. वाऱ्यानं पान उडतंय म्हणून म्हणत असतील, असं वाटलं."

"आणि नंतर व्हिडिओ बघितल्यावर?"

तार वाजत राहिली.

दोनला पाच कमी असताना गोकुळ आला. पाय धुतलेले, कपाळी ताजं गंध. नेमाप्रमाणं समोर उभा राहून त्यानं वीणेला नमस्कार केला आणि दोन्ही हात पुढं केले. करुणाही उठली. कागद एका हातात, पेन दुसऱ्या.

पुंडलिकरावांनी वीणेचा पट्टा मानेवरून अर्धा वर उचलला. मांडवात त्यांची नजर एकदा फिरली. काकासाहेब बादली खाली ठेवून, पदराचं टोक धरून उभ्या असलेल्या मेघाशी हसून काहीतरी बोलत होते.

पट्टा परत मानेवर बसला.

"गोकुळ, तू जेवून घे. मी उभा राहतो अजून."

"अहो, जेवलो मी! आणा इकडं."

"राहू दे. रंगलोय आज."

"घ्या! सगळं पुण्य तुम्हीच बांधून नेणार की काय?" गोकुळ हसला. "किती वेळ पण?"

"चारपर्यंत."

चारला इथून निघून सहाच्या आत संभाजीनगर गाठता येत नाही, हे तिघांनाही माहीत होतं. गोकुळला त्याचं काही नव्हतं. हात तसेच पुढं धरून तो एकदा यांच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिला.

करुणानं पेनाला टोपण लावलं. कागदाची घडी घातली. ती रागावली असती तर पुंडलिकरावांना बरं वाटलं असतं.

"रोज सकाळी मोजायचात ना हो, काका," ती म्हणाली. "एक दिवस चुकवला नाहीत."

पुंडलिकरावांचे ओठ नाम घेत होते.

ती पुढं झाली, वाकली आणि त्यांच्या पावलांवर डोकं टेकवून मागं वळली.

मांडवात कुणी आपल्या पाया पडलं की आपणही त्याच्या पाया पडायचं, तो लहान असो की मोठा. पुंडलिकराव वाकले. वीणा पोटाशी सावरत, गुडघे कुरकुरत त्यांचा उजवा हात खाली पोचेपर्यंत ती मांडवाबाहेर गेली होती. बोटांना सतरंजी लागली. ती बोटं कपाळाला लावावीत की नाही, हे त्यांना कळेना.