सात खाटा, एकच नाव

साहेब, माझ्या बाबांना तुम्ही मारलंत. डायलिसिसची खाट फक्त हॉस्पिटलच्या वेबसाइटवरूनच मिळेल, हा फतवा तुमचा. वॉर्डातल्या म्हाताऱ्यांना ते जमेना, म्हणून बाबांसकट सात जणांच्या लॉगिनने आपोआप खाटा धरणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, मी लिहिली.

बाबांचं लॉगिन पहिलं. लॉगआउट करूनही तुमच्या साइटने ते धरून ठेवलं आणि सातही खाटा बाबांच्याच नावावर चढवल्या.

“सात खाटांवर झोपू कसा गं? तुकडे करतेस का माझे?” बाबा हसले.

दर लॉगिनला साइटने धरून ठेवलेलं जुनं सेशन पुसून नवं उघडलं, तेव्हा स्क्रिप्ट सुधारली. पण तोवर तुम्ही बाबांना दलाल ठरवून त्यांचं खातं गोठवलं होतं.

सकाळी सातही खाटा रिकाम्या होत्या. बाबा वॉर्डाच्या दाराबाहेरच्या बाकावर, पाय सुजलेले, धाप लागलेली. तुमचा माणूस म्हणाला, “खातं उघडल्याशिवाय खाट देता येत नाही, ताई. सिस्टिम घेत नाही.”

बाकावरच बाबा गेले.

माझ्या स्क्रिप्टचं दुखणं मी शोधलं, निस्तरलं. तुम्हा लोकांना दारातून रिकामी खाट दिसत होती, बाबाही दिसत होते. त्यांना आत घ्यायला कुणाचं लॉगिन हवं होतं? उत्तर द्या.