पिंपाचा निकाल

"बाबा, आज मला विचारल्याशिवाय पिंप ओतायचं नाही," सुनेने सासऱ्यांना बजावलं. "नाहीतर उद्यापासून मी त्या मोठ्या रोपवाटिकेत कामाला चालले. तिथे निदान माणसात धरतात."

"विचारायचं काय त्यात?" म्हातारा म्हणाला. "समोर ये आधी. पिंपाच्या पलीकडे. हां, उजेडात."

हे नेहमीचंच. पिंपात मासळीबाजारातली टाकाऊ डोकी, आतडी, खवले. वर उसाची मळी आणि चांगल्या जिवाणूंचं विरजण. जिवाणूंनी जोर धरला की वास आंबूस येतो आणि ते पाणी मिळालं की रोपं कशी तरारून उठतात. नाहीतर सगळं नुसतं कुजतं आणि मुळं जळून वाफेच्या वाफे आडवे होतात. कळायचं ते वासावरूनच, आणि वास घेण्याचा मान घरात एकट्या म्हाताऱ्याचा.

मासळी चिरायची सुनेने, ढवळायचं सुनेने, बादल्या वाहायच्या तिनेच. म्हातारा फक्त झाकण काढून वाकायचा, छाती भरून श्वास घ्यायचा, तिच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "जमलंय." किंवा, "फेकून दे." मेला कधी चुकायचाही नाही! तिलाही दर वेळी तेच वाटलेलं असायचं, पण तिला विचारतो कोण? याच गोष्टीने ती आतून जळायची.

आज माशा फार घोंघावत होत्या. तिने डोळ्यांपर्यंत रुमाल गुंडाळला होता. टोमॅटोची सगळी रोपं या पाण्याची वाट बघत होती.

म्हाताऱ्याने झाकण काढलं. रुमालातूनही तिला कळायचं ते कळलं. तो वाकला, श्वास घेतला, तिच्याकडे बघितलं. पुन्हा वाकला. पुन्हा बघितलं.

"रुमाल काढ."

"का? वास तुम्हीच घेणार ना?"

"काढ म्हणतो ना!"

"नाही काढत. सांगा की, जमलंय की नाही? एवढे मोठे जाणकार तुम्ही!"

म्हाताऱ्याने पिंपाकडे बघितलं, रोपांकडे बघितलं आणि उपड्या बादलीवर मटकन बसला. तिला उगीच भीती वाटली.

"बाबा, बरं वाटत नाही का?"

"जाऊ नकोस गं," तो हळूच म्हणाला. "नाक तर माझं कधीचंच गेलंय. आधी तुझ्या सासूचं तोंड बघून सांगायचो, आता तुझं."