समुद्रावरची मापं

“ज्याची चूक होती, त्याला काढलं कामावरनं,” अंजनाने ठकुबाईंना सांगितलं. ठकुबाई विंझरच्या आपल्या घरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. मुलगा मानसिंग जहाजावर होरपळून गेल्यापासून त्या फारशा बोलत नव्हत्या. त्याला ती नोकरी अंजनाच्या थोरल्या भावाने, जगनने लावून दिली होती. जगन स्वतः दुसऱ्या जहाजावर इंजिनिअर होता. तो दारातच उभा राहिला.

परतताना दोघं नसरापूरला भोरच्या एसटीसाठी थांबले.

पंचाहत्तर साल होतं. पुण्याच्या कारखान्यात अंजना जहाजांच्या डिझेल इंजिनांचं गणित कॉम्प्युटरवर मांडायची. इंजिनाचा थोडा धूर पुन्हा इंजिनातच सोडला, की विषारी वायू कमी होतो. जास्त सोडला, तर धूर परत आणणारी नळी काजळी साचून पेटते. किती सोडायचा, ते तिने काढलं. जगनच्या जहाजावर चाचणी झाली. तिथली मापं तिच्या आकड्यांशी जुळली, तेव्हा विभागात पेढे वाटले गेले.

तिला हे काम शिकवणारे सावळाराम सर मात्र पुन्हा चाचणी घ्या म्हणत राहिले. आपलं यश त्यांना बघवत नाही, असं तिला वाटलं. ती थेट मोठ्या साहेबांकडे गेली. दुसरी चाचणी झालीच नाही. मानसिंगच्या जहाजावर नळ्या बसवायचं काम सरांकडेच आलं आणि पहिल्याच फेरीत नळी पेटली.

चौकशीत अंजनाने ठामपणे सांगितलं, की गणित समुद्रावर तपासलेलं आहे; चूक बसवण्यात आहे. सरांनी वाद घातला नाही. बाहेर पडताना फक्त म्हणाले, “पुन्हा चाचणी का हवी, ते एकदा मला विचारायचं होतंस.”

ते तिच्या मनातून जात नव्हतं.

“ज्यांनी शिकवलं, त्यांनीच दगा दिला, दादा.”

“त्यांनी न्हाई.”

अंजनाने वळून पाहिलं. जगन रस्त्याकडे बघत होता.

“माझ्या जहाजावरचं मापयंत्र बंदर सोडतानाच बिघडलं व्हतं. तुझ्या विभागात तू एकटीच बाई, समदे तू चुकायची वाट बघत व्हते. माप किती यायला पायजेल, ते तूच मला सांगितलं व्हतंस. म्या तेच लिवून दिलं, जरा इकडंतिकडं करून.”