स्वखुशीने जमा

शस्त्र खाली ठेवणारा वंदनीय. आणि ते ठेवायला लावणाऱ्याचे पुण्य त्याहून थोर.

चौऱ्याऐंशी साली पोलीस ठाण्याबाहेर फलक लागला, "बेकायदा गावठी कट्टे स्वखुशीने जमा करा, गुन्हा नोंदवणार नाही." महिनाभरात एकही कट्टा आला नाही. अखेर पावणे गावातल्या कारखान्यात लेथ चालवणाऱ्या पोपटकडे हवालदार आले. कट्टे बनवल्याबद्दल पोपट दोन वर्षे तुरुंगात राहून सुटला होता.

"पाच बनव. परवा शस्त्रं जमा करायच्या समारंभाला मोठे साहेब येतायत."

"बायकोच्या डोक्यावर हात ठेवून सोडलंय मी, हवालदारसाहेब."

"लेका, गुंडांना बनवून द्यायचास, आन् सरकारला नाही म्हणतोस? नाही दिलेस, तर तुझ्याच घरात कट्टा सापडंल."

लेथ फिरू लागला तेव्हा पोपटला स्वतःच्याच हातांची किळस आली.

समारंभात मोठ्या साहेबांनी पाचही कट्टे निरखून पाहिले. "हे सगळे एकाच कारागिराचे आहेत. त्याला हुडकून काढा!"



हवालदारांनी त्याला तासाभरात हुडकून काढले. परमेश्वर पोपटला धीर देवो, आणि हवालदारांची ही शोधक बुद्धी अक्षय राखो.