थापांची वही

निवृत्त म्हटलं की पैसे देणारे ऑनलाइन सर्व्हे दारातूनच परत पाठवतात, म्हणून पोस्टमास्तर पाच साइटवर पाच वेगळे गृहस्थ झाले होते. थापांचा घोळ होऊ नये म्हणून सगळं वहीत टिपलेलं. ती वही नेमकी बायकोच्या हाती लागली.

“इथे वैमानिक, इथे दातांचे डॉक्टर, आणि इथे चक्क पहिलवान! आरशात बघता का कधी?” हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग ती थबकली. ‘जोडीदाराबद्दल किती समाधानी?’ पाचही पानांवर दहापैकी दहा.

“तेवढं एक खरं लिहिलंय,” मास्तर पुटपुटले.

ती लगबगीनं आत गेली आणि स्वतःची तसलीच वही घेऊन आली.

“मी तुम्हाला सगळीकडे सातच दिलेत हो. थांबा, आठ करते.”