बाणातला ण

दोनशे चौदा पानं, आणि एकही खून चुकला नव्हता. म्हणून तर बाईंना शंका आली होती.

अकरा वर्षं बाई सुईआजीच्या रहस्यकथांची मुद्रितं तपासत होत्या. वर्षाला एक पुस्तक. एक म्हातारी, मांडीवर लोकरीचा गुंडा, आणि टाके मोजता मोजता चोर पकडायची हातोटी. लेखिकेला बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. टाइप केलेली पानं टपालानं यायची. गोष्ट अशी झकास, की वाचताना तहानभूक हरपावी. फक्त नळातला न आणि बाणातला ण यांचं लेखिकेशी उभं वैर होतं. पानोपानी 'कोन आहे तिकडे?' दारावर खडूची 'खून.' बाई लाल पेनानं 'न' खोडायच्या आणि समासात 'ण' लिहायच्या.

"पुस्तकात खून एकच असतो हो," त्या कचेरीत म्हणायच्या, "बाकीचे मलाच निस्तरावे लागतात."

आणि हे बारावं पुस्तक धुतल्या तांदळासारखं. शिवाय यात आजीनं पहिल्याच प्रकरणात सुया पेटीत ठेवल्या होत्या, त्या शेवटपर्यंत काढल्याच नव्हत्या.

"हे तिचं वाटत नाही मला," बाई प्रकाशकांना म्हणाल्या.

"कशावरून?"

"खात्री करून सांगते."

प्रकाशकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "एकदा घरी जाऊनच बघा, मी कळवून ठेवतो. दुसऱ्याच कुणाचं निघालं तर मालिका इथेच बंद. तिच्या नावावर भलत्याचं काही छापायचं नाही मला. संध्याकाळी पानं टेबलावर ठेवा. तुमची नेहमीची लाल शाई दिसली की समजेन, आपल्याच लेखिकेचं आहे."

बाई नाइलाजानं निघाल्या. आईच्या आजारपणात उशाशी बसून सुईआजीच वाचली होती त्यांनी. आपल्याच हातानं तिचा गळा दाबायचा?

दार उघडलं ते कडेवर बाळ घेतलेल्या एका तरुण स्त्रीनं. बाईंनी पन्नाशीची कुणी मनात धरली होती. ही जेमतेम पस्तिशीची.

"या ना ताई. पसारा आहे हं, बघू नका."

आतून खांद्याला पिशवी अडकवत नवरा आला. "मुद्रितवाल्या ताई ना? आमच्या वर्गातल्या वह्या पाठवू का तुमच्याकडे? ऱ्हस्व-दीर्घानं जीव नकोसा केलाय."

"शाळेत भाषा शिकवतात हे," ती म्हणाली.

बाईंच्या डोक्यात दिवा पेटला. तो जिन्यावरून उतरला तसा त्यांनी मनातल्या मनात चोराच्या हातात बेड्या घातल्या.

खिडकीशी टाइपरायटर होता. समोरच्या खुर्चीवर दोन उशा, बाजूला चष्म्याचं घर. बाळाच्या अंगात पिवळा स्वेटर, त्याला बाही एकच. दुसरा हात उघडा.

"ही काय नवी फॅशन?"

"राहिली ती बाही." तिनं उघडा हात पदराखाली घेतला. बाळ पेंगुळलं होतं.

बाईंनी पानांचा गठ्ठा मांडीवर घेतला. "स्पष्टच विचारते. हे पुस्तक मास्तरांनी लिहिलं का?"

"ह्यांनी?" तिला हसू आवरेना. "अहो, रजेचा अर्ज चार वेळा फाडतात हे!"

"मग तुमचा ण असा एकाएकी सुधारला कसा?"

तिचं हसू विरलं. ती बाळाला थोपटत राहिली. "सुधारायला नको होता का?"

"तसं नाही. पण हे दुसऱ्या कुणाचं असेल तर सुईआजी आजच संपली. प्रकाशकांनी बजावून पाठवलंय मला."

तिनं बाळावरचा पदर सारखा केला. मग हळूच म्हणाली, "पाणी घेणार? तुम्हीच घ्याल का जरा? मी उठले की हा पण उठेल."

स्वयंपाकघरात कपाटाच्या दारावर एक कागद डकवलेला होता. कडा पिवळ्या, शाई फिकटलेली. बाईंनी पेला भरला आणि सवयीनं वाचलं:

'पानी उकळून ठेवलंय. लोनी संपलं. माझं विनकाम हलवू नको, टाक्याला खून केलीय.'

बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्या पाणी सांडत बाहेर आल्या. "सापडला! तुमचाच न! अगं, आधी सांगायचं नाही का? उगाच जीव टांगणीला लावलास माझा. तो कपाटावरचा कागद—"

"तो आईंचा," ती म्हणाली. "माझ्या सासूबाईंचा. परवा वर्ष होईल त्यांना जाऊन."

बाईंनी खुर्चीवरच्या उशांकडे पाहिलं. चष्म्याच्या घराकडे. मग एका बाहीच्या स्वेटरकडे.

"लिहायच्या त्या, नाव माझं घालायच्या. म्हणायच्या, 'माझ्या न-णला लोक हसतील.'" तिनं बाळाचा उघडा हात ओठांना लावला. "या वेळचा चोर कोण, ते तेवढं सांगून ठेवलं होतं मला. बाही काही येत नाही विणता, म्हटलं पुस्तक तरी पुरं करावं. हा झोपला की अर्धा तास, पाऊण तास." ती थांबली. "खरं सांगा ताई, पहिल्याच पुस्तकाच्या मानानं बरं जमलंय का?"

 बाईंनी पिशवीतून लाल पेन काढलं, पहिल्या पानावर 'खूण' शोधली, त्यातला चांगला बाणातला ण रेघांवर रेघा मारून पार दिसेनासा केला, आणि समासात सुबक अक्षरात लिहिलं: ण.