झाकून ठेवलेलं ताट

ओडिशाचा दिबाकर आणि मी रत्नागिरीच्या सरकारी कॉलेजात तीन वर्षं एका बाकावर बसलो. गणपतीत हॉस्टेल ओस पडायचं, मेस पाच दिवस बंद असायची, तरी हा आमच्या पालीच्या घरी एकदाही फिरकला नाही. आई दरवर्षी त्याच्यासाठी ताट वाढून झाकून ठेवायची आणि आरती झाली की अंगणात जाऊन रस्त्याकडे बघायची. यंदा तिने ते ताट संध्याकाळी गाईपुढे ठेवलं, तेव्हा माझं डोकं फिरलं.

सुट्टी संपल्यावर त्याला वर्गाबाहेर गाठलं. "अख्खी वाडी येते आमच्याकडे. तुला एवढा कसला माज? बिस्किटं खाऊन राहशील, पण आमच्या घरचं जेवण नको?"

त्याने पाठीवरची बॅग खाली आपटली. "माज? दर चतुर्थीला नवा शर्ट घालून हॉस्टेलच्या पायरीवर बसतो मी. एकदा तरी 'ये' म्हणालास?"

"गणपतीला कोण बोलावतं रे? आमच्यात ज्याने त्याने आपणहून यायचं असतं."

"पहिल्या वर्षी आलो होतो आपणहून. पालीच्या स्टॉपवर उतरून घर विचारायला तुला फोन केला, तर मी कुठून बोलतोय हेही न विचारता म्हणालास, आरतीला सगळी वाडी जमलीय, नंतर बोलू."